पहिल्या दिवशी समुद्र नुसता बघा: मित्रासोबतच्या सुट्टीचे पहिले तीन दिवस

समुद्रावर पहिल्यांदाच सुट्टीला निघालेल्यांना मी सगळ्यांत आधी एकच सांगते. पोहोचल्या पोहोचल्या पाण्यात शिरू नका. पहिला दिवस बघण्यासाठी ठेवा. समुद्र बघा, किनारा बघा, आणि ज्याच्यासोबत आला आहात त्यालाही बघा. मैत्री कितीही जुनी असो, एका खोलीत सलग चार-पाच रात्री राहिल्यावर माणूस नव्याने कळतो. समुद्राचंही तसंच आहे, लांबून ओळखीचा वाटतो, जवळ गेल्यावर त्याचा स्वभाव कळायला वेळ लागतो. दोघांनाही थोडा वेळ दिलात तर उरलेली सुट्टी सुखाची जाते.

मी आणि माझी मैत्रीण बरीच वर्षं अशा सुट्ट्यांना जातो. पुढे जे सांगते आहे त्यातलं बरंचसं आम्ही दोघी चुकतमाकत शिकलो.

निघण्याआधी एकदा बोला

सामानाचं कसंही जमतं. टोपी विसरली तर टोपी मिळते. न झालेलं बोलणं मात्र तिथे जाऊन टोचतं. म्हणून निघायच्या आठवडाभर आधी एकदा निवांत बसा आणि पोहणं, पैसे, झोप आणि एकटेपणा या चार गोष्टी बोलून घ्या.

पोहण्याबद्दल खरं खरं बोला. ‘पोहता येतं’ असं म्हणणाऱ्या बहुतेकांना तलावात पोहता येत असतं. तिथे चार हातांवर कठडा असतो, तळ दिसतो, पाणी जागचं हलत नाही. समुद्रात यातलं काहीच नाही. खाऱ्या पाण्यात, म्हणजे लिटरमागे साधारण 35 ग्रॅम मिठाच्या पाण्यात, अंग जास्त सहज तरंगतं हे खरं, पण लाट तोंडावर आली की श्वासाचा ताल तुटतो आणि नवखा माणूस घाबरतो. आमचा नियम साधा आहे. दोघींपैकी जिला कमी जमतं, तिच्या कमरेएवढं पाणी ही दोघींची हद्द. चांगलं पोहणाऱ्याला हे जाचतं, पण दुसऱ्याला किनाऱ्यावर एकटं सोडून खोल गेलेला मित्र संकटात सापडला, तर त्याला मदत करू शकणारं जवळ कोणीच नसतं.

पैशांसाठी एक सामाईक पाकीट करा. दोघांनी सारखी रक्कम टाकायची, एकत्र होणारा प्रत्येक खर्च त्यातूनच करायचा, संपलं की पुन्हा सारखी भर घालायची. एकट्याच्या आवडीची खरेदी स्वतःच्या खिशातून. ‘आत्ता तू दे, नंतर बघू’ यातलं ‘नंतर’ मैत्रीला महागात पडतं.

झोप आणि एकटेपणा ही नाजूक बाब. एकाला पहाटे जाग येते, दुसऱ्याला रात्री उशिरापर्यंत दिवा लागतो. आधी माहीत असलं की त्याचा राग येत नाही. आणि ‘रोज तासभर मला एकटं राहायला आवडतं’ हे घरीच सांगून टाका. तिथे गेल्यावर सांगितलंत तर समोरच्याला वाटतं की आपलंच काहीतरी चुकलं.

पोहोचल्याची संध्याकाळ

प्रवासाने अंग आंबलेलं असतं, पोटात धड काही नसतं, पाणी कमी प्यायलेलं असतं. अशा अंगाने लाटांत उतरणं मला बरोबर वाटत नाही. खोलीवर सामान टाका, भरपूर पाणी प्या, काहीतरी खा आणि चालत किनाऱ्यावर जा. कपडे मुद्दाम साधेच ठेवा, म्हणजे मोह होणार नाही.

किनाऱ्यावर जरा उंचशी जागा बघून वीस मिनिटं बसा. घड्याळ लावून बसा, कारण पाचव्या मिनिटाला वाटतं की सगळं बघून झालं. झालेलं नसतं. लाटा सारख्या येत नाहीत, त्या टोळीने येतात. काही मिनिटं पाणी अगदी शहाण्यासारखं वागतं आणि मग तीन-चार मोठ्या लाटा पाठोपाठ येतात. पाच मिनिटं बघून ‘शांत आहे’ असं ठरवणारे त्या मोठ्या लाटांत सापडतात. खडकांवर उभं राहून फोटो काढणाऱ्यांवर तर हीच वेळ सगळ्यांत जास्त येते.

लाटा कुठे फुटतात तेही बघा. लांबवर फुटून फेसाळत हळूहळू वर येणारी लाट नवख्यांसाठी बरी. अगदी काठावर, उभीच्या उभी धाडकन कोसळणारी लाट वाईट. ती उंचीने लहान असली तरी माणसाला डोक्यावर आपटते, आणि मानेला दुखापत होते ती अशाच उथळ पाण्यात. त्याच कारणाने समुद्रात डोक्याकडून सूर कधीही मारू नका, काल तिथे पाणी खोल होतं असं माहीत असलं तरीही नाही. वाळूचा तळ रोज बदलतो.

त्यानंतर पाण्यातला गुळगुळीत पट्टा शोधा. तो मी कसा ओळखायला शिकले ते सांगते. आम्ही दोघी अशाच बसलो होतो. समोर दोन्ही बाजूंना लाटा पांढऱ्या फुटत होत्या आणि मधे एका ठिकाणी फेसच नव्हता. पाणी तिथे जरा काळपट, सपाट. मैत्रीण म्हणाली, “उद्या तिथेच उतरू गं, तिथे लाटाच नाहीत.” शेजारी उभे असलेले जीवरक्षक काका ते ऐकून म्हणाले, “तो शेवाळाचा झुबका बघा.” हिरव्या-तपकिरी शेवाळाचा एक झुबका काठाशी घुटमळत होता. तो हळूच त्या सपाट पट्ट्यात सरकला आणि मग चालत्या माणसाच्या वेगाने सरळ आत, समुद्राकडे निघाला. आम्ही बोट दाखवत होतो तोवर तो लाटांच्या पलीकडे गेलासुद्धा. वारा त्याच्या उलट, किनाऱ्याकडे वाहत होता. ते पाणी शांत नव्हतं, ते परत जाणारं पाणी होतं.

याला रिप करंट म्हणतात. लाटांनी काठावर आणून टाकलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि वाळूच्या दोन उंचवट्यांमधल्या खोलगट भागातून एकवटून बाहेर पडतं. तिथे तळ खोल असतो म्हणून लाटा फुटत नाहीत, आणि लाटा फुटत नाहीत म्हणून नवख्याला तीच जागा सगळ्यांत सुरक्षित दिसते. त्याचा वेग कधीकधी सेकंदाला दोन मीटरच्या वर जातो, निष्णात जलतरणपटूलाही त्याच्या उलट पोहून येता येत नाही. गढूळ पाण्याचा पट्टा, आत सरकणारा फेस किंवा कचरा, लाटांच्या पांढऱ्या रांगेत पडलेली खिंड, या त्याच्या खुणा. पहिल्या संध्याकाळी एवढं ओळखता आलं तरी पुष्कळ झालं.

मग जीवरक्षक कुठे बसतात, किती वाजेपर्यंत असतात ते विचारून घ्या. लाजू नका, त्यांना असे प्रश्न आवडतात. झेंड्यांचा अर्थही त्यांनाच विचारा, कारण रंगांच्या पद्धतीत जागोजागी थोडा फरक असतो. पुष्कळ ठिकाणी चालणारी पद्धत अशी: वर लाल, खाली पिवळा असे दोन झेंडे रोवलेले असतील तर त्यांच्या मधली जागा पोहण्यासाठी, तिथे जीवरक्षकाचं लक्ष असतं. नुसता लाल म्हणजे धोका. दोन लाल म्हणजे पाणी बंद. जांभळा म्हणजे पाण्यात जेलीफिशसारखे डंख करणारे जीव आहेत. काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा फळी घेऊन लाटांवर खेळणाऱ्यांसाठी, तिथे पोहायचं नाही.

शेवटी भरतीची वेळ. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, एकीपासून दुसरीपर्यंत साधारण सहा तास. दुसऱ्या दिवशी तीच भरती सुमारे 50 मिनिटं उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप वर चढतं आणि खूप मागे जातं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, म्हणजे चढउतार कमी. लोकांना चकवतो तो भरतीचा वेग, कारण पाणी सहा तास एकाच चालीने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा जेमतेम बारावा हिस्सा चढतो, दुसऱ्या तासात दोन हिस्से, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात तीन-तीन. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मी भरती येऊन जाते. ओहोटीला चालत खडकाच्या पलीकडच्या छोट्या किनाऱ्यावर गेलेली माणसं तिथे अडकतात ती यामुळे. ‘अजून पाणी लांब आहे’ असं त्यांना तासभर दिसत असतं.

तुमच्या ठिकाणची वेळ विचारून कागदावर लिहा आणि खोलीच्या दाराला आतून लावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी: आधी ऊन, मग पाणी

पाण्याइतकंच मी नवख्यांना उन्हाबद्दल बजावते. समुद्रावरून येणारा गार वारा चटका लागू देत नाही, त्यामुळे कातडी भाजते आहे हे कळतच नाही. भाजलेलं दिसायला लागतं तीन-चार तासांनी, आणि सगळ्यांत जास्त दुखतं ते पुढच्या दिवशी. म्हणजे लालसर दिसायला लागल्यावर सावलीत जाणं ही फार उशिराची गोष्ट आहे. पातळ ढगांतून अतिनील किरण बव्हंशी खाली येतात. पाण्यात अर्धा मीटर खोलीवरही ते बऱ्यापैकी पोहोचतात. वाळू आणि लाटांचा फेस त्यांना परत अंगावर फेकतात, त्यामुळे छत्रीखाली बसलेला माणूससुद्धा पूर्ण सुटत नाही.

आमच्या पहिल्या सुट्टीत मैत्रिणीने सनस्क्रीन लावलं होतं, एकटीनेच, जिथवर हात पोहोचला तिथवर. रात्री तिने सदरा काढला तेव्हा पाठीच्या मधोमध पानाच्या आकाराचा लालभडक डाग होता, कडेला तिच्याच बोटांच्या ओढींच्या फिक्या रेघा. त्या रात्री तिला पाठ टेकता आली नाही. मी ओला पंचा पिळून पाठीवर ठेवत होते, तो पाच मिनिटांत गरम होत होता. दुसरा आणि तिसरा दिवस तिने खोलीत काढले. तेव्हापासून एकमेकींच्या पाठीला सनस्क्रीन लावल्याशिवाय आम्ही दाराबाहेर पाऊल टाकत नाही. मित्रासोबत जाण्याचा हा साधा, मोठा फायदा आहे. तो घ्या. मान, कानांच्या पाळ्या, पायांचा वरचा भाग आणि केसांचा भांग हे नेहमी विसरले जातात, ते एकमेकांचे तपासा.

प्रमाणाबद्दल सांगते, कारण बहुतेक जण फार कमी लावतात. मोठ्या माणसाच्या उघड्या अंगाला एका वेळी साधारण 30 मिलिलिटर लागतं. चेहरा आणि मान यांना दोन बोटं भरून. एसपीएफ, म्हणजे बाटलीवरचा संरक्षणाचा आकडा, 30 असेल तर ते कातडी भाजवणारे सुमारे 97 टक्के किरण अडवतं, 50 असेल तर 98. म्हणजे मोठ्या आकड्यामागे धावण्यापेक्षा भरपूर लावणं आणि पुन्हा लावणं महत्त्वाचं. बाहेर पडायच्या 15 मिनिटं आधी लावा, मग दर दोन तासांनी, आणि पाण्यातून बाहेर आल्यावर प्रत्येक वेळी. या हिशोबाने 100 मिलिलिटरची एक बाटली दोघांना एक दिवसही पुरत नाही. घरूनच जास्त न्या. आणि लांब बाह्यांचा पातळ सदरा कोणत्याही क्रीमपेक्षा भरवशाचा.

स्वतःची सावली बघत राहा. ती तुमच्या उंचीपेक्षा आखूड झाली की ऊन कडक झालं, तेव्हा सावलीत या. दुपार झोपेसाठी ठेवा. दुपारी वाळूही अशी तापते की अनवाणी दहा पावलं चालवत नाही.

पहिल्यांदा पाण्यात

सकाळी, पोटात हलकं काहीतरी असताना, जीवरक्षक आल्यावर, झेंड्यांच्या मधे उतरा. दारू घेतलेली असेल तर त्या दिवशी पाणी बंद, त्यावर चर्चाच नको.

उतरण्याआधी किनाऱ्यावरची एक ठळक खूण निवडा, झाड, इमारत, काहीही. पाणी तुम्हाला नकळत आडवं वाहवत नेतं. दहा मिनिटांनी मान वर करून बघाल तर तुमची चप्पल भलतीकडेच दिसेल. दर थोड्या वेळाने खुणेकडे बघून जागेवर परत या. आत जाताना पाय उचलून टाकू नका, तळाशी घासत चाला. वाळूत दबा धरून बसलेला, शेपटीने डंख मारणारा पाकट मासा त्याने आधीच सरकतो, पाय त्याच्यावर पडत नाही. लाट समोरून येईल तेव्हा तिच्याकडे पाठ करू नका.

हवा भरलेली गादी किंवा चकती घेऊन सकाळी लवकर पाण्यात जाऊ नका. दिवसा वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो, ते खारे वारे. रात्री आणि पहाटे उलट, जमिनीकडून समुद्राकडे, ते मतलई. पहाटेचा समुद्र आरशासारखा दिसतो आणि त्याच वाऱ्यावर गादी अलगद आत जाते. वाऱ्याने निसटलेल्या गादीमागे तर कधीच पोहू नका.

एक हात सरळ वर म्हणजे ‘मदत हवी’, ही खूण दोघांत ठरवा. जीवरक्षकालाही ती कळते.

आता रिप करंटच्या ओढीत सापडलात तर काय? सगळ्यात आधी हे मनात घट्ट धरा की ती तुम्हाला खाली खेचत नाही, फक्त बाहेर नेते. माणसं बुडतात ती तिच्या उलट, सरळ किनाऱ्याकडे पोहत राहून दमल्यामुळे. पाठीवर तरंगा, श्वास जागेवर येऊ द्या, हात वर करा. दम असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहा. पट्टा बहुतेक वेळा फार रुंद नसतो. लाटा फुटताना दिसल्या की तिथून तिरकं काठाकडे या, लाटाच तुम्हाला ढकलतील. आडवं जाता येत नसेल तर नुसतं तरंगत राहा आणि हात वर ठेवा.

मित्र ओढीत सापडला तर तुम्ही मागे उडी मारू नका. मला माहीत आहे, हे ऐकायला निष्ठुर वाटतं. पण वाचवायला गेलेला माणूस बुडाल्याचे प्रसंग फार आहेत. जीवरक्षकाला हाक मारा, तरंगणारं जे हाताशी असेल ते त्याच्याकडे फेका, त्याच्यावरची नजर हलवू नका आणि बोटाने जागा दाखवत राहा. बुडणारा माणूस बहुतेक वेळा ओरडत नाही. तो पाण्यात उभा असतो, तोंड पाण्याच्या पातळीला, मान मागे, हात बाजूंना पाणी दाबत असलेले. श्वास घ्यायलाच वेळ मिळत नसतो, तो ओरडणार कसा? म्हणून ‘काय रे, ठीक आहेस ना?’ असं विचारा. उत्तर आलं नाही तर ते संकट समजा.

जेलीफिशचा डंख झाला तर चोळू नका आणि गोड पाण्याने धुऊ नका, दोन्हीमुळे कातडीवर उरलेल्या डंखपेशी आणखी फुटतात. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे चिमट्याने काढा आणि लगेच जीवरक्षकाकडे जा. कोणत्या जातीला काय चालतं हे त्यांना माहीत असतं. श्वास लागला, छातीत दुखलं किंवा सूज वाढत गेली तर थेट दवाखाना. काठावर मरून पडलेली जेलीफिशही डंख करते, बोट लावून बघू नका.

आणखी तीन गोष्टी झटपट. गडगडाट ऐकू आला की पाण्याबाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आत नाही. वाळूत गुडघ्यापेक्षा खोल खड्डा खणून त्यात बसू नका, कडा कोसळून माणूस गाडला जातो. आणि जमीन जोरात हादरली किंवा पाणी अचानक विचित्रपणे खूप मागे गेलं, तर बघत उभे न राहता उंचावर पळा. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत अनेक किनाऱ्यांवर पाणी आधी असंच मागे हटलं होतं, आणि उघडा पडलेला तळ बघायला लोक पुढे गेले होते.

तिसरा दिवस

माझ्या अनुभवात कुरबूर तिसऱ्या दिवशी होते. झोप अपुरी असते, अंगावर मीठ असतं, ओला टॉवेल खुर्चीवर तसाच पडलेला असतो, आणि शब्दाला शब्द लागतो. त्यामागे बहुतेक वेळा उन्हाचा थकवा आणि तहान असते. म्हणून आम्ही एक ठरवलं आहे. राग आला की आधी दोघींनी एकेक मोठा पेला पाणी प्यायचं, मग बोलायचं. अर्ध्या वेळा पाणी प्यायल्यावर बोलण्यासारखं काही उरत नाही.

तिसऱ्या दिवसाची सकाळ मुद्दाम वेगवेगळी घालवा. एकाने वाचत पडावं, दुसऱ्याने किनाऱ्यावरून लांब चालत जावं. कोणी कुठे जायचं, किती वाजता कुठे भेटायचं हे नक्की करा, कारण फोन ओला होतो, त्याची बॅटरी संपते. एकट्याने पोहणं मात्र या मोकळीकीत बसत नाही. पाण्यात दोघं, जमिनीवर हवं तर एकेकटे. दुपारी भेटाल तेव्हा एकमेकांना सांगायला काहीतरी असेल. तो चालून आलेला माणूस खिशातून शिंपला काढून दाखवतो, आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच दोघं एकमेकांचं नीट ऐकतात.

संध्याकाळी सामाईक पाकिटाचा हिशोब करा आणि उरलेल्या दिवसांत काय जास्त हवं, काय कमी, ते एकमेकांना विचारा. माझ्या मैत्रिणीचं उत्तर बहुतेक वेळा ‘फोटो कमी’ असं असतं, माझं ‘सकाळ लवकर’. मग दारावरच्या कागदावर उद्याच्या भरतीची वेळ लिहा, आजच्यापेक्षा 50 मिनिटं पुढे, आणि त्या हिशोबाने गजर लावून झोपा.